कौसाबाईंच्या फळीवरचा डबा

माझा धंदा काय आहे, हे मला माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. केबल टीव्हीचा काळ होता तोवर सोपं होतं. "आमचे जावई टीव्ही दाखवतात," असं ते पाहुण्यांना सांगायचे. पुढे आम्ही घरोघर इंटरनेट द्यायला लागलो आणि त्यांची पंचाईत झाली. "म्हंजी नेमकं काय देता तुमी?" त्यांनी एकदा जेवताना विचारलं. मी वरण गार होईपर्यंत बोललो. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "बरं. भाकरी घ्या."

त्यामुळे दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा म्हटल्यावर पहिली धास्ती तीच वाटली. शिवाय जी गोष्ट लिहायची ठरवली आहे, ती मला स्वतःलाच पुरती उलगडलेली नाही. तरी लिहितो. वाचणाऱ्यांपैकी कुणाला उलगडली तर बरंच.

मी ओतूरचा. पारसशेठकडे कामाला लागलो तेव्हा मिसरूड नुकतं फुटलेलं. शेठचे आजोबा राजस्थानातून आले आणि ओतूरला कापडाचं दुकान टाकून राहिले. शेठ स्वतः असं मराठी बोलतात की बाजारात घासाघीस करताना भले भले ओतूरकर त्यांच्यापुढे गप्प बसतात. दुकानाच्या माडीवर त्यांनी केबलची यंत्रं बसवली आणि मी खांबावर चढायला लागलो. पुढची सगळी वर्षं खांबांवर, पत्र्यांवर आणि लोकांच्या ओसऱ्यांवर गेली.

गिऱ्हाइकं एकेक होती. आळ्याच्या एका बागायतदाराने आमची तुटून पडलेली केबल टोमॅटोच्या मांडवाला बांधली होती. मी शोधत शोधत बांधावर पोचलो, तर मलाच म्हणाला, "भाऊ, सुतळीपरीस लई टिकती. आजून हाय का?" ओतूरचे एक निवृत्त गुरुजी बाहेर जाताना राउटर कपाटात ठेवून कुलूप लावायचे, परत आल्यावर तो बाहेर काढायला विसरायचे आणि नेट मंद आहे म्हणून माझ्याशी भांडायचे. अशा तक्रारींचा त्रास वाटायचा, पण गोंधळ व्हायचा नाही. बिघाड कुठे आहे ते डोळ्यांना दिसायचं. वाडीवर तसं झालं नाही.

शेठनी घोडेगावला दुसरं ऑफिस काढलं आणि मला तिकडे पाठवलं. भीमाशंकरच्या रस्त्याने डिंभ्याच्या पुढे, धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे. तिचं नाव लिहीत नाही, वाडीच म्हणतो. तेव्हा तिथे मोबाइलला रेंज नव्हती. लोकांनी स्वतः ऑफिसात येऊन लाइन मागितली. एवढ्या डोंगरात केबल नेणं शक्य नव्हतं, म्हणून अलीकडच्या टेकडीवर एक डिश आणि वाडीच्या शाळेवर दुसरी, अशा समोरासमोर बसवल्या. शाळेपासून पुढे घराघरात केबल ओढली.

अडचण ही होती की त्या दोन डिशांमधून येणारी नेटची धार अगदी बारीक. एका घरात पिक्चर लागला की दुसऱ्या घरातला अडकायचा. आणि बहुतेक वेळा सगळी घरं एकच गोष्ट बघत असायची. तोच पिक्चर, तीच मालिका, कुणाच्या तरी गोठ्याबाहेर बिबट्या फिरल्याची तीच क्लिप. म्हणजे एवढ्याशा धारेतून तीच वस्तू घरागणिक पुन्हा पुन्हा यायची.

यावर केतकी मॅडमनी तोड काढली. त्या पुण्याला सॉफ्टवेअर लिहायच्या आणि शेठचं काम बघायच्या. त्यांची योजना अशी: प्रत्येक घरात एक छोटा डबा ठेवायचा. व्हिडिओचे तुकडे करायचे. डोंगरावरून प्रत्येक तुकडा एकदाच आणायचा आणि कुठल्या तरी एका डब्यात टाकायचा. मग डब्यांनी तो आपसात वाटून घ्यायचा. माझ्याकडचा तुकडा तुला, तुझ्याकडचा मला. वाडीतली आतली केबल चांगली जाड, तिच्यावर याचा काही भार पडत नव्हता. कुणी कुणाकडून काय घ्यायचं ते डबे आपलं आपण ठरवायचे. जो डबा दुसऱ्यांना जास्त देईल त्याच्या मागणीला पहिला नंबर, असा नियम मॅडमनी घातला होता, म्हणजे कुणी नुसताच घेणारा निघू नये.

हे वाडीत समजावून सांगताना माझ्या डोळ्यांपुढे सासरे उभे राहिले. पण एक माणूस तंबाखू मळता मळता म्हणाला, "म्हंजी पडकईच की." भाताची खाचरं घालायची तर तिकडे सगळी वाडी मिळून आज याच्या रानात आणि उद्या त्याच्या रानात राबते, त्याला पडकई म्हणतात. मी म्हटलं, "अगदी तेच." माझं काम एका शब्दात झालं म्हणून मी खूश होतो.

डबे बसवले ते थंडीत. नेट असं पळायला लागलं की शेठनी ओतूरहून मुद्दाम फोन करून शाबासकी दिली. त्याच सुमाराला वाडीतलीच मनीषा परत घरी राहायला आली. नर्सिंगचा कोर्स करून ती मंचरला एका खाजगी दवाखान्यात होती. सरकारी भरतीची परीक्षा द्यायची म्हणून नोकरी सोडून घरी आली. पुण्याच्या एका क्लासचे व्हिडिओ रोज सकाळी यायचे, ते बघून अभ्यास करायची. घरच्यांनी तिला एवढंच सांगितलं होतं की हे एक वर्ष बघू, नाही जमलं तर पुढचं आम्ही ठरवू.

होळी झाली आणि नेट बसलं. मनीषाचा रोजचा मेसेज ठरलेला: 'दत्ताकाका, आजपण गोल फिरतंय.' मी गेलो, डिश तपासली, ठीक होती. वाटलं, उन्हाने यंत्र तापत असेल, म्हणून वर पत्र्याची सावली केली. काही फरक नाही. वाटलं, मधल्या झाडांना पालवी फुटली आहे, ती आडवी येत असेल. वाडीच्या परवानगीने एक फांदी उतरवली. फरक नाही. मॅडमनी पुण्यात बसून काहीबाही बदललं, त्यानेही नाही.

मग पावसाळा आला. पाऊस लागला की डिशवरचं नेट बिघडतं, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. त्या डोंगरात तर पाऊस असा की समोरचं माणूस दिसत नाही. मी शेठना आधीच सांगून ठेवलं, "आता चार महिने शिव्या खायची तयारी ठेवा." आणि वाडीचं नेट सुधारलं. मी आडवा पाऊस झेलत मुद्दाम बघायला गेलो. मनीषा ओसरीत बसून क्लास बघत होती, एकदाही न अडकता. "काका, काय केलंत हो?" तिने कौतुकाने विचारलं. मी मान डोलावली. मी काहीच केलं नव्हतं.

हिवाळाभर उत्तम चाललं. पुन्हा होळी झाली आणि पुन्हा बसलं. परीक्षा आता तोंडावर आली होती. मनीषाचे मेसेज येणं बंद झालं. मला ते मेसेजपेक्षा जड वाटलं.

शेवटी मॅडमचा फोन आला. "दत्ताभाऊ, चांगल्या दिवसांत आणि वाईट दिवसांत फरक काय, ते मी शोधत होते. फरक एकच आहे. एक डबा. तो चालू असतो तेव्हा वाडीतली निम्म्याहून जास्त देवाणघेवाण एकटा करतो. आणि स्वतः काहीही मागत नाही. नावावर संतोष आहे. हा कोण आहे हो?"

मला आठवेना. नंबर लावला तर संतोष चाकणला कंपनीत निघाला. "मी कुठला तिकडं? दिवाळीला आलो का बघतो काय ते. घरी आई असती एकटी," तो म्हणाला. "तिला तर टीव्हीबी लावता येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी संतोषचं घर शोधत वाडीच्या वरच्या टोकाला गेलो. त्याची आई कौसाबाई अंगणात नाचणी पाखडत होती. काठीसारखी ताठ, कमी बोलणारी बाई. मी डब्याचं विचारलं, तर तिने आतल्या फळीकडे बोट दाखवलं. वायर गुंडाळून, वर फडकं घालून डबा ठेवून दिला होता.

"मावशी, हा बंद का केला?"

"उनाळ्यात कशाला लागतुय?"

"म्हणजे?"

"दही आंबतं ना," ती म्हणाली.

मला काही कळेना. तेव्हा तिने सावकाश सांगितलं. डबा गरम राहतो. थंडीत आणि पावसात आमच्याकडे विरजण लागत नाही. एकदा तिने दुधाचं भांडं डब्याला टेकवून ठेवलं तर सकाळी कवडीसारखं दही. तेव्हापासून थंडी-पावसाचा डबा रात्रंदिवस चालू, आणि ऊन तापलं की बंद.

पालवी, पत्रा, फांदी, सगळं आठवलं. बाकीची घरं टीव्ही बंद केला की डबाही बंद करत होती. चोवीस तास चालू राहणारा हा एकच, म्हणून सगळे तुकडे हळूहळू याच्याकडे गोळा झाले, आणि हा बंद झाला की तेच तुकडे पुन्हा पुन्हा डोंगरावरून आणावे लागायचे. तो जेवढा वाटायचा तेवढा तापायचा, आणि जेवढा तापायचा तेवढं दही चांगलं लागायचं. मला हसू आवरेना. त्या आनंदात मी तिला सगळं सांगून टाकलं. म्हटलं, "मावशी, अख्ख्या वाडीला तुमच्या घरातून जातं."

तिने सूप खाली ठेवलं. "काय जातं?"

"पिक्चर, गाणी, मनीषाचा अभ्यास. लोक जे बघतात ते सगळं."

"ते माज्या घरात ठिवलंय?"

"तसं ठेवलेलं नाही. तुकडे आहेत."

"कुणाचं तुकडं?"

"सगळ्यांचे."

"त्यात वंगाळ काय हाय का?"

आता काय सांगू? लोक काय काय बघतात ते मला माहीत नव्हतं, आणि कळू नये अशीच व्यवस्था होती. तुकडा उघडून बघितला तरी त्यातून काही दिसत नाही, हे मी सांगितलं. त्याने ती आणखीच गोंधळली.

"म्हंजी वंगाळ आसलं तरी मला दिसायचं न्हाई, अन् चांगलं आसलं तरी दिसायचं न्हाई. अन् ऱ्हायाचं मात्र माज्या घरात." तिने सुपातली नाचणी हाताने सारखी केली. मग म्हणाली, "मला कुणी इचारलं व्हतं?"

संतोषची सही घेतली होती, असं मी म्हणालो.

"संतोष कुठं ऱ्हातो हितं? घिऊन जा तो."

मी बरीच विनवणी केली. फुकट लाइन देतो म्हणालो, तिला लाइन नकोच होती. विजेचं बिल शेठ भरतील म्हणालो, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते वाक्य पुरं केलं नाही. डबा पिशवीत घालून निघालो.

मॅडमना सांगितलं. "दुसऱ्यांसाठी जागा आणि वीज वापरली जाईल, असं कागदावर लिहिलेलं होतं," त्या म्हणाल्या, आणि पुढे, "पण तिला काय कळणार होतं, हे मी कधी मनातच आणलं नाही." शेठ म्हणाले, "सगळ्यांना डबे चालू ठेवायला सांग. बाई एकटीच कशाला?"

म्हणून शाळेच्या ओसरीत वाडी जमवली. प्रत्येकाने डबा दिवसरात्र चालू ठेवला तर कुणा एकावर भार नाही, हे सांगितलं. सगळ्यांना पटलं. "ठिवू की. त्यात काय येवढं," असं जो तो म्हणाला. आठवड्याने पाहिलं तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेसुद्धा चालू नव्हते. घरोघर गेलो. एकाच्या घरी डब्याच्या प्लगवर मिक्सर लागत होता. एकाला विजा पडायची भीती. एकजण म्हणाला, "समदे चालू ठिवत्यात म्हणल्यावर माज्या एकट्याच्यानं काय आडतंय?" हेच शब्द मला आणखी दोन घरांत ऐकायला मिळाले. खोटं कुणी बोलत नव्हतं. मला खरंच वाटतं, प्रत्येकाला दुसऱ्याचा चालू आहे असं वाटत होतं.

पडकईला ही माणसं एक दिवस चुकवत नाहीत. मी त्या तंबाखू मळणाऱ्या माणसाला तसं म्हणालो. तो म्हणाला, "तिथं कोण आलं न्हाई ते दिसतं ना, राव. हितं कुणाला काय दिसतंय?"

वाडीत भलतीच कुजबुजही सुरू झाली. कौसाबाईंच्या घरात सगळ्यांचं सगळं साठलेलं होतं, कोण काय बघतं ते तिला माहीत असणार, म्हणून तिने गपचूप डबा काढला. दोन-चार बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या, असं मनीषाकडून कळलं. मी परत वाडीवर जाऊन सांगितलं की तिला काहीही दिसत नव्हतं. लोकांनी ऐकून घेतलं. पटलं की नाही ते सांगता येत नाही.

मनीषाने माझ्यापाशी तक्रार केली नाही. ती चालत खालच्या रस्त्याला यायची, तिथून मिळेल त्या गाडीने घोडेगावला, आणि आमच्या ऑफिसच्या बाकावर बसून क्लास बघायची. गिऱ्हाइकांची वर्दळ, फोन, माझं ओरडणं, त्यात ती कानाला वायर लावून लिहीत बसायची. एकदा मी विचारलं, "कौसाबाईंना तू सांगून बघतेस का?" ती म्हणाली, "नाही, काका. तिच्या घराचा प्रश्न आहे. मी काय सांगू?"

परीक्षा झाली. मनीषाचं झालं नाही. नेट असतं तर झालं असतं का, हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. तिला विचारायची हिंमत झाली नाही. तिच्या घरी स्थळं बघायला लागल्याचं कानावर आलं.

आणि एका बाजारच्या दिवशी कौसाबाई घोडेगावच्या ऑफिसात येऊन उभी राहिली. हातात बाजाराची पिशवी, डोक्यावर पदर.

"माजा डबा हाय का? का दिला कुणाला?"

"आहे. का हो, मावशी?"

"तुला काय करायचंय? लावून दे." मग पिशवी टेबलावर ठेवून म्हणाली, "कोण काय मागतंय ते मला नको. पर कुणी मागतंय येवढं दिसलं पायजे. दिसतं का?"

मी मॅडमना फोन लावला. त्यांनी त्याच दिवशी करून दिलं. डब्याला एक हिरवा दिवा होता, तो दुसऱ्या घराला काही देताना लागेल अशी व्यवस्था केली. मी डबा बसवला तेव्हा कौसाबाईने पाट घेतला आणि त्याच्यासमोर बसली. दिवा लागला, विझला, परत लागला. तिने बराच वेळ पाहिलं. मग नाचणी दळायला उठली. उन्हाळ्यात तिने डबा बंद केला नाही. दह्याचं भांडं ती दुसऱ्या कोनाड्यात ठेवायची.

कौसाबाई परत का आल्या, हे मला आजही माहीत नाही. मनीषाला विचारलं, तर ती म्हणाली, "मी तर एक शब्द बोलले नाही." संतोषला आई आली होती हेच माहीत नव्हतं. त्यांना स्वतःला विचारलं, तर म्हणाल्या, "बाजारला आले व्हते, म्हणून आले." मनीषाने घरच्यांकडून आणखी एक वर्ष मागून घेतलं, ते मिळालं, आणि पुढच्या भरतीत तिचं नाव लागलं. त्याचा डब्याशी संबंध आहे असं शेठ सांगतात. मनीषा म्हणते, "दुसऱ्या वेळी पेपर सोपा होता." दोघांपैकी कुणाचं धरावं?

मॅडमनी मग तसा दिवा सगळ्याच डब्यांना केला. काही घरांत डबे चालू राहायला लागले, काहींत नाही. ज्यांच्या घरी राहतील असं वाटलं होतं त्यांच्या घरी राहिले नाहीत. मी अंदाज बांधणं सोडून दिलं.

पुढे डोंगरावर मोबाइलचा टॉवर आला. महिन्याभरात वाडीतला प्रत्येक जण आपल्या फोनवर आपलं बघायला लागला. शेठनी लाइन बंद करायचं ठरवलं आणि डबे गोळा करायला मला पाठवलं. माझं ते शेवटचंच मोठं काम. घरोघर डबे मुकाट मिळाले, कुणी तर आधीच कोपऱ्यात काढून ठेवले होते. कौसाबाईंच्या घरी शेवटी पोचलो.

मी वायर काढत होतो आणि त्या दारात उभ्या होत्या.

"मग आता पोरं कुणाकडनं घेत्यात?"

"टॉवरवरून."

"अन् टॉवरला कोण देतं?"

"त्याला खालून लाइन आहे. मंचरहून, पुण्याहून."

"पुण्याला कुणाच्या घरी हाय?"

"घरी नाही. मोठ्या इमारती असतात, त्यात मशिनी. मुंबईला आहेत, परदेशात आहेत."

"त्या कुणाच्या?"

मी एका कंपनीचं नाव सांगायला लागलो. मग आठवलं की ती कंपनीसुद्धा जागा दुसऱ्याकडून घेते, आणि त्या दुसऱ्याची लाइन तिसऱ्याची असते, आणि त्याच्यापुढे कोण आहे ते मी कधी विचारलंच नव्हतं. सगळी वर्षं मी आळेफाट्यापर्यंतची, म्हणजे शेठना जिथून नेट मिळायचं तिथवरची लाइन सांभाळली. फाट्याच्या पलीकडे ती कुणाकडून येते, कोण कुणाला देतं, कोण कुणाला विचारतं, यातलं मला फारसं काही ठाऊक नाही, हे त्या दारात उभं राहून कळलं. मी दोनदा सुरुवात केली आणि दोनदा थांबलो.

"न्हाई सांगता येत?" कौसाबाईंनी विचारलं.

"नाही, मावशी."

"बरं. च्या ठिवते," त्या म्हणाल्या. "बस. आठवलं तर सांग."

मी बसलो. त्यांनी चहा दिला. मी तो सावकाश प्यायलो, पण आठवलं नाही.